गोलात उभा तुकोजी

माझे दीर तुकोजी झोपेत बोलतात, आणि जे बोलतात ते सगळं फुटबॉलचं असतं. रविवारी दुपारी कुंभकोणम् डोळे मिटून पडलेलं असतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा हलत नाही. पंखा आपल्या नादात फिरत असतो, आणि माजघरातल्या चटईवरून एकदम आवाज येतो, "सोड!" जाऊन बघावं तर भाऊजींचे डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीशी धरलेले, आणि तोंडावर असं समाधान, की जणू चेंडू आत्ताच हातात आलाय. नवं लग्न झालं होतं तेव्हा मी घाबरायची. आता मी "सोडला हो, सोडला" म्हणते आणि पुन्हा भाजी चिरायला बसते.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे दोन पेठांचा सामना असला की नवरा-बायकोही एका बाजूला बसत नाहीत. मला बघायला ही मंडळी इतक्या लांबून आली, तेव्हा सासऱ्यांनी स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. त्यांच्या त्या जुन्यापुराण्या मराठीत त्यांनी विचारलं, गोलकीपरचं मुख्य काम काय? मी म्हटलं, ओरडणं. सासरे आमच्या ह्यांच्याकडे वळून म्हणाले, ही चालेल. माझी आई नंतर दोन दिवस रडत होती. मुलगी एवढ्या लांब चालली म्हणून रडत होती की असल्या घरात चालली म्हणून, ते तिलाच माहीत.

सासरे पोन्नी क्लबचे गोलकीपर होते. पोन्नी म्हणजे कावेरीच, इथले लोक लाडानं म्हणतात ते नाव. सासऱ्यांच्या पुढं जे दोन बॅक खेळायचे, ते दोघं त्यांचे चुलतभाऊ. त्यामुळं मागच्या फळीचा सगळा कारभार घरच्या भाषेत. चेंडू कोणी घ्यायचा, कोणी सोडायचा, कोणी मागं यायचं, सगळं मराठीत ओरडायचं. समोरच्या तमिळ संघाला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. गावानं त्या फळीला 'रावांची भिंत' असं नाव ठेवलं होतं. सासरे थकले, तसे गोलात भाऊजी आले आणि बॅकला त्या चुलत्यांची मुलं आली. भिंत तशीच राहिली.

भाऊजी तिरुभुवनम्‌च्या रेशमी साड्यांच्या सोसायटीत विक्रीला असतात. गिऱ्हाईक वीस साड्या उलगडतं आणि एकही न घेता निघून जातं. मग भाऊजी त्या वीसच्या वीस साड्यांच्या घड्या घालतात. हात घडी घालत असतात आणि डोळे खिडकीबाहेर कुठंतरी. लग्न केलं नाही. करायचं राहून गेलं, असं ते म्हणतात, जणू बाजारातून काही आणायचं राहून गेलं. आवाज इतका बारीक, की चहा हवा की कॉफी हे मला त्यांच्या भुवयांवरून ओळखावं लागतं. आणि घराचा उंबरठा ओलांडला की तोही आवाज तमिळ होतो. बाजारात मी मराठीत काही विचारलं तर इकडं तिकडं बघून तमिळमध्ये कुजबुजतात. तंजावरच्या मराठी राजांबरोबर इथं आलेल्या आपल्या लोकांची ही पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे, घरात मराठी आणि दारात तमिळ. माझ्या कोल्हापुरी घशाला ती कधी जमली नाही. सासरे गेल्यापासून घरातही मराठी बोलणारे हे, मी आणि भाऊजी, असे आम्ही तिघंच. माझी मुलं बंगळुरूला असतात आणि फोनवर निम्मं इंग्रजीच बोलतात.

पण हाच माणूस गोलात उभा राहिला की नदीच्या पलीकडं ऐकू जाईल असा ओरडतो. खणखणीत, स्वच्छ, सासऱ्यांच्याच मराठीत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दुसराच कोणी माणूस भाऊजींची जर्सी घालून आलाय.

गेल्या दोन-तीन वर्षांत भिंत ढासळली. एक चुलतभाऊ नोकरीला चेन्नईला गेला, दुसऱ्याचा गुडघा गेला. त्यांच्या जागी दोन तरुण आले, चोळपुरम्‌चा सेतू आणि इथलाच बाला. चांगले दणकट, पण दोघंही तमिळ. त्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी आम्ही पहिल्या डिव्हिजनमध्ये राहिलो असतो. खेळ संपत आला होता. एक साधा, लोळत आलेला चेंडू. भाऊजी ओरडले, "धर!" सेतूनं वळून त्यांच्याकडं बघितलं, काय म्हणतोय हा माणूस अशा नजरेनं. भाऊजींना वाटलं तो धरणार, त्याला वाटलं ते धरणार, आणि चेंडू दोघांच्या मधून, कोणाची काही घाई नाही अशा चालीनं, जाळ्यात गेला. पोन्नी क्लब जिल्ह्याच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पडला.

पडलेल्याला सगळेच लाथा घालतात. कोच एका शाळेत नोकरी धरून गेला. कप्तानाला पहिल्या डिव्हिजनमधल्या क्लबनं नेलं, आणि जाताना तो दोन फॉरवर्डही घेऊन गेला. गावातलं मैदान सरावाला मिळेना, ते वरच्या डिव्हिजनवाल्यांसाठी. एका सामन्याला तर बस रस्त्यात बंद पडली आणि दुचाकीवरून जे पोचले तेवढ्यांनीच खेळ सुरू केला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं चाललं होतं.

क्लबचे सेक्रेटरी चंद्रमौली. त्यांचं पितळी समयांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण हरलं की त्यांना कारण हवं असतं, आणि ह्या वेळी कारण समोरच उभं होतं. त्यांनी भाऊजींना दुकानात बोलावून सांगितलं, गोलातून तमिळ बोल, नाहीतर करणला जागा दे. करण म्हणजे क्लबचा दुसरा गोलकीपर. विशीतला, उंच, आणि खोटं कशाला बोलू, चांगला.

भाऊजींनी मनापासून प्रयत्न केला. आंघोळीच्या वेळी मोरीतून आवाज यायचा, "विडु! पिडि!" म्हणजे सोड, धर. मोरीत सगळं झकास जमायचं. मैदानात मात्र चेंडू आला की आधी तोंडात मराठी यायची, ती गिळायची, मग तमिळ शोधायची, आणि ती सापडेपर्यंत चेंडू जाळ्यात. पहिले सामने हरलो. मग भाऊजींनी तोंडाला कुलूपच घातलं. मुका गोलकीपर म्हणजे बिनघंटेचं देऊळ. तेही हरलो.

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. मी म्हटलं, भाऊजी, दिवसभर दुकानात तमिळ बोलता, मग तिथं काय होतं?

त्यांनी माझ्या पुढ्यातली भाजी निवडायला घेतली. मग म्हणाले, "काय करूं, वैनी? तेथ उभा राहिलों की घरांत उभा अस्लेवाणी होतं. घरांत तमिळ कसं येईल?"

मला एकदम भरून आलं. पण मला भरून आलं की मी भांडते, तो माझा स्वभाव. मी म्हटलं, तुमचं तोंड बदलत नसेल तर त्या पोरांचे कान बदला. शब्द तरी किती लागतात? सोड, धर, मागें, ये, रहा, मार. एवढे तर पोपटही शिकतो. हे मी दुसऱ्या दिवशी भाऊजींना बरोबर घेऊन चंद्रमौलींच्या दुकानात जाऊनही सांगितलं, माझ्या मोडक्या तमिळमध्ये, समया पुसणारे नोकर काम थांबवून ऐकत असताना. चंद्रमौली हसले. मग गंभीर झाले आणि भाऊजींना म्हणाले, ठीक आहे, हा हंगाम तुझा. क्लब वर गेला तर गोल तुझा, हवी तेवढी वर्षं. नाही गेला तर पुढच्या हंगामापासून करण, आणि तू परत हातमोजे घालायचे नाहीस. भाऊजींनी मान हलवली. एवढं मोठं काहीतरी पणाला लावताना माणूस निदान हूं तरी म्हणतो.

जानेवारी संपताना वर धरणाचे दरवाजे बंद होतात आणि कावेरीत वाळूच वाळू उरते. मैदान नव्हतंच, म्हणून सराव नदीत. दोन बाजूंना बांबू रोवून गोल केले होते. मी संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. काय संध्याकाळी होत्या त्या! ऊन उतरलं की वाळू गुलाबी व्हायची. वाळूत चेंडू पळत नाही, जरा जाऊन थांबतो, त्यामुळं सगळा खेळच झोपेत चालल्यासारखा सावकाश चालायचा. पाय उचलायचे, वाळू उडायची, खाली बसायची. पलीकडं एका डबक्याशी बगळे उभे असायचे. कुठल्यातरी देवळातून नादस्वराचा सूर यायचा आणि वाऱ्याबरोबर परत जायचा. आणि त्या सगळ्यात, नदीच्या मधोमध, भाऊजींचा आवाज, "मागें! मागें ये! सोड!" मला बसल्या बसल्या वाटायचं, तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आलेली माणसं ह्याच नदीत उतरून एकमेकांना अशीच हाका मारत असतील. मग एखादा डास चावायचा आणि मी भानावर यायची.

पोरं शिकली. बालाच्या तोंडून 'धर' काही निघेना, तो 'तर' म्हणायचा. पण त्याला बोलायचं कुठं होतं, ऐकायचं होतं. सेतूनं तर ध्यासच घेतला. त्याची आई एकदा मला भेटली तर तक्रार करत होती, की तो गोठ्यातल्या म्हशीशीही ह्याच भाषेत बोलतो आणि म्हैस आता तमिळ ऐकेनाशी झालीय. करणही येऊन बसायचा आणि शब्द पुटपुटायचा. त्याला कशाला हवेत, असं माझ्या मनात यायचं. पण पोराचा चेहरा इतका सरळ होता, की राग धरवत नसे.

आणि आम्ही जिंकायला लागलो. आधी एक बरोबरी, मग एक विजय, मग नुसता सपाटा. उन्हाळ्याचे ते दिवस मला आता नीट वेगळे आठवत नाहीत. ताडाच्या कडेचं एक मैदान, धुळीतले खांब, सेतूचं अंग चोरून बाजूला होणं, भाऊजींनी पुढं येऊन छातीशी घेतलेला चेंडू, आणि समोरच्या पोरांचे बुचकळ्यात पडलेले चेहरे. सगळं एकात एक मिसळलंय. भाऊजी घरीही थोडं मोठ्यानं बोलायला लागले होते. एकदा त्यांनी भाजीत मीठ कमी आहे असं चक्क तोंडानं सांगितलं. मी त्या दिवशी गोड केलं.

शेवटचा सामना चोळपुरम्‌च्या मैदानावर, तंजावरच्या एका संघाशी. बरोबरी झाली तरी आम्ही वर जाणार होतो. आमचे हे, मी आणि निम्मी गल्ली, सगळे छत्र्या घेऊन गेलो. मैदानाला लागून भाताची रिकामी शेतं, त्यांच्यावर ऊन नुसतं थरथरत होतं. लांबून खेळाडू पाण्यात पोहत असल्यासारखे दिसत होते.

त्यांचा एक फॉरवर्ड होता, हरिकृष्ण. बारीक, काळासावळा, आणि वाऱ्यासारखा पळणारा. पहिल्या अर्ध्यात एक उंच चेंडू आमच्या मागच्या फळीवरून आला. हरिकृष्ण आणि सेतू खांद्याला खांदा लावून धावले, भाऊजी गोल सोडून पुढं आले आणि ओरडले, "सोड!" सेतू झटकन बाजूला झाला. आणि हरिकृष्णही थांबला. चेंडू त्याच्या पुढ्यात होता, पाय उचललेला होता, नुसता लावायचा होता, आणि तो तसाच उभा राहिला, एखाद्या मुलानं डब्याला हात घालावा आणि मागून आईचा आवाज यावा तसा. भाऊजींनी चेंडू उचलला. मैदान हसायला लागलं. तंजावरचा कोच बाहेरून त्याला वाट्टेल ते बोलत होता.

भाऊजी मात्र हसले नाहीत. चेंडू हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "कोणाचा रे तूं?" मी गोलाच्या मागंच बसले होते, मला स्पष्ट ऐकू आलं. पोरानं खाली मान घालून सांगितलं, "तंजावरचा, मामा. मानाजीअप्पांचा नातू." आपलंच पोर. घरात मराठी ऐकत वाढलेलं. 'सोड' म्हटल्यावर सोडायचं, हे त्याच्या पायांना डोक्याच्या आधी कळलं होतं.

मध्यंतरात ही गोष्ट चंद्रमौलींना कळली. आधी तमिळ, तमिळ करत बसलेला माणूस, पण आता त्यांचा चेहरा त्यांच्या समयांसारखा उजळला. ते भाऊजींना म्हणाले, आता मराठीतच ओरड. तो पोरगा पुढं आला की ओरड, चेंडू कुठंही असू दे. असं ओरडून समोरच्याला फसवणं नियमात बसत नाही, पण पंचाला मराठी कुठं कळते? खोटं सांगत नाही, मलाही तेच वाटलं. आमच्याकडं एवढ्याचं कोणी काही मनाला लावून घेत नाही. मी पाण्याची बाटली देताना म्हटलं, भाऊजी, गोल तुमचा राहतोय, ओरडा. त्यांनी पाणी प्यायलं आणि शेतांकडं बघत राहिले.

उत्तरार्धात कोणाकडूनच गोल होईना. सावल्या लांबल्या. मी मनातल्या मनात गुळाची पोळी नैवेद्याला बोलले. आणि मग पुन्हा तसाच चेंडू, फळीवरून, मधोमध. पुन्हा हरिकृष्ण आणि सेतू, पण ह्या वेळी हरिकृष्ण पाऊलभर पुढं. भाऊजी पुढं झेपावले. मी उठून उभी राहिले. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पाठ दिसत होती, आणि त्या पाठीतून मला आवाज ऐकू आला, मोठा, खणखणीत.

"विडु!"

आयुष्यात पहिल्यांदा भाऊजी गोलातून तमिळ बोलले. हरिकृष्ण थांबला नाही. सेतू, जन्माचा तमिळ, सगळा हंगाम मराठी ऐकून तयार झालेला, तो मात्र गोंधळून जागच्या जागी खिळला. हरिकृष्णानं चेंडू हलकेच भाऊजींच्या बाजूनं सरकवला. तो लोळत जाळ्यात गेला, आणि थोड्याच वेळात शिट्टी वाजली.

मी भयंकर चिडले होते. इतक्या महिन्यांची नदी, वाळू, डास, सगळं डोळ्यांसमोर आलं. मोरीत जमायचं आणि मैदानात जमायचं नाही, ते नेमकं आजच कसं जमलं? चंद्रमौली छत्री मिटून निघून गेले. बाला जमिनीवर बसून रडत होता. सेतू भाऊजींपाशी आला आणि त्यानं शिकलेल्या मोडक्या मराठीत विचारलं, "कां, अण्णा?" भाऊजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग खांबाला टेकून उभे राहिले. पुढच्या हंगामात तिथं करण उभा राहणार होता, हे आता सगळ्या मैदानाला माहीत होतं. मी तरातरा तिकडं गेले. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच गेले.

पण माझ्या आधी हरिकृष्ण तिथं पोचला. जिंकलेला पोरगा, पण चेहरा हरल्यासारखा. तो भाऊजींच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही 'सोड' म्हट्ले अस्ते तर मी सोडलों अस्तों."

भाऊजी म्हणाले, "ठाऊक अहे रे. म्हणूनच म्हट्लों नाही."

माझा राग तिथंच उतरला. घरात आईच्या तोंडचा शब्द, तो ऐकून पोराचा पाय थांबतो. तोच शब्द चेंडूसाठी खोटा वापरला, तर उद्या कोण कशाला थांबेल? भाऊजींनी हे असं काही बोलून दाखवलं नाही, ते माझं मीच मनात बोलत होते, आणि रडू आवरत होते.

लोक पांगत होते. रस्त्यावर बस उभी होती, चहाच्या टपरीशी आमची गल्ली, त्यांचा संघ, चोळपुरम्‌ची माणसं, सगळ्यांची गर्दी. भाऊजींनी हातमोजे काढून पिशवीत टाकले, त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या सगळ्या गर्दीत, इकडं तिकडं न बघता, मला हाक मारली, "वैनी, हा घरीं येतोय. रात्रीं जेवून जाईल. अंबट भाजी करा, आणि मीठ बघून घाला."

टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. मी लग्न होऊन आल्यापासून, गोलाच्या बाहेर, भर रस्त्यात, भाऊजींना एवढ्या मोठ्यानं मराठी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी तेवढ्याच मोठ्यानं हो म्हटलं आणि बसमध्ये जागा धरायला पुढं झाले.